विलासचं भाषण मी तपासलं होतं

सव्वीस वर्षं मी मुरबाडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हे सांगितलं की आमच्याकडची माणसं अजून हसतात. मुरबाडात तेव्हा इंग्रजी दिसायचं ते खताच्या गोणीवर, नाहीतर औषधाच्या बाटलीवर. मी राहायला शहापूरला. सकाळी एस्टीने किन्हवलीवरून मुरबाड, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. मुलंही तशीच यायची, कोणी एस्टीने, कोणी जीपच्या मागच्या फळीवर उभं राहून. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा. जी यायची त्यांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलेला असायचा.

दुसऱ्या वर्षाला एक जुनी इंग्रजी शोकांतिका होती. नाव लिहीत नाही. ज्यांनी वाचली असेल ते ओळखतील, बाकीच्यांचं काही अडणार नाही. एका थोर माणसाचा खून होतो. मारणाऱ्यांपैकी एकजण लोकांपुढे येऊन सांगतो, मी हे का केलं. लोकांना पटतं. मग मेलेल्याचा मित्र उभा राहतो. त्याला अट घातलेली असते की मारणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. तो अट पाळतो. त्याचं बोलणं संपतं तेव्हा तेच लोक घरं पेटवायला निघालेले असतात.

ही दोन भाषणं शिकवणं हे माझं खरं काम, असं मला वाटायचं. व्याकरण कोणीही शिकवतं. समोरच्याचं मन वळवायच्या तीन वाटा आहेत, असं जुने जाणकार सांगून गेलेत. मी त्यांना मराठी नावं दिली होती : माणूस, मुद्दा आणि मन. बोलणारा माणूस भरवशाचा वाटला पाहिजे. त्याच्या बोलण्यात मुद्दा पाहिजे, हे झालं म्हणून ते झालं असा. आणि ऐकणाऱ्याच्या मनाला कुठेतरी हात लागला पाहिजे. पहिला वक्ता पहिल्या दोन वाटांनी जातो आणि हरतो. दुसरा तिसरी वाट धरतो. मी फळ्यावर तीन रकाने आखायची आणि मुलं एकेक वाक्य उचलून त्यात टाकायची. पोरांना हे फार आवडायचं. वाशिंदच्या जयश्रीला घरून बीएडला पाठवत नव्हते. तिने वडिलांसाठी तीन रकान्यांची तयारी केली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, मुद्द्यावर बाबा झोपले. मनावर उठून बसले." ती पुढे शिक्षिका झाली. असे किस्से मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगायची.

विलास नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्या वर्गात आला. मुरबाडपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला. दिसायला किरकोळ, आवाज मात्र असा की शेवटच्या बाकावरची कुजबुज थांबायची. वर्गात त्या दुसऱ्या भाषणाचं मराठी करून त्याने म्हटलं तेव्हा दोन मुली रडल्या. मी त्याला वक्तृत्व स्पर्धांना नेऊ लागले. त्याच्याबरोबर कधी कधी त्याची मोठी बहीण सुनंदा यायची. ती गावातली अंगणवाडी चालवायची. चोवीस-पंचवीस वर्षांची, मोठ्याने हसणारी. भावाचं भाषण चालू असताना तिचे ओठ हलायचे. तिला ते सगळं पाठ असायचं.

तो तिसऱ्या वर्षाला असताना, आवणीच्या दिवसांत सुनंदाला साप चावला. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ती घरच्या खाचरात रोपं उपटायला गेली होती. संध्याकाळी साडेपाचला कल्याणच्या एका दवाखान्यात तिने प्राण सोडला.

आठवड्याने विलास मला भेटायला कॉलेजात आला. केस कापलेले, डोळे सुजलेले. गावाने शाळेच्या पटांगणात शोकसभा ठेवली होती, आणि भाऊ म्हणून त्याला बोलायचं होतं. त्याने दोन पानं माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, तुमी एकदा नजर टाका. माझं डोकं चालत नाय."

मी लाल पेन काढलं. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो, पण मी पेन काढलं.

भाषणात बाळाराम नावाच्या जीपवाल्याला शिव्या होत्या. बाळाराम शेजारच्या गावचा. मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. सुनंदाला त्यानेच कल्याणला नेलं होतं. वाटेत जीप तापली. एका हॉटेलापाशी थांबवून त्याने पाणी घातलं, तेवढ्यात हॉटेलवाल्याने पुढे केलेला चहा घेतला. विलासने लिहिलं होतं की हा माणूस चहा पीत बसला आणि माझी बहीण मेली.

मी म्हटलं, "शिव्या काढ. शिव्या दिल्यास की लोक तुझ्यापासून लांब जातात. त्याला चांगलं म्हण. आणि चहाचं वाक्य सुरुवातीला नको, ते अगदी शेवटी घे. तुला काय वाटतं ते सांगू नकोस. लोकांचं लोकांना ठरवू दे."

मला वाटलं, मी भाषण सौम्य करते आहे. आणि खरं सांगायचं तर ते किती धारदार होतंय हेही मला कळत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मग मी वेळा बघितल्या. दोन वाजता साप चावला. सव्वाचारला जीप निघाली. साडेपाचला सगळं संपलं.

"दोन ते चार कुठे होतात?"

विलास खिडकीबाहेर बघायला लागला. "धावपळ झाली, मॅडम. खूप धावपळ झाली."

सव्वीस वर्षांत मी मुलांच्या शेकडो निबंधांवर लिहिलं असेल, 'मधला दुवा नाही'. इथे मी ते लिहिलं नाही. मुलाची बहीण गेलेली, त्याला काय उलटतपासणी घ्यायची, असं मनाशी म्हटलं. पण आणखी एक कारण होतं. सव्वाचारची वेळ काढून टाकली तर भाषण चांगलं होत होतं. दोनला चावला, साडेपाचला गेली, आणि मधे एक तापलेली जीप. मी सव्वाचारवर आडवी रेघ मारली.

शोकसभा दुपारी चारला होती. पावसाने उघडीप दिली होती. शाळेच्या ओट्यावर सुनंदाचा फोटो, हार, लाउडस्पीकरचा माइक आणि चार खुर्च्या. त्यातल्या एकीवर मला बसवलं. पटांगणात तीनेकशे माणसं असतील. बायका एका अंगाला, मांडीवर सुनंदाच्या अंगणवाडीतली पोरं घेऊन. सगळ्यात मागे चिंचेखाली चपला काढून बाळाराम उभा होता. पस्तिशीचा, बुटका, खाकी शर्टातला. शेजारच्या गावातून तो मुद्दाम दुखवट्याला आला होता.

सरपंच बोलले, मुख्याध्यापक बोलले. मग विलास उठला.

"मी कुणाला बोल लावायला आलेलो नाय," तो म्हणाला. "माझी बहीण गेली. तिच्या नशिबात होतं."

मग त्याने खिशातून अंगणवाडीची हजेरीची वही काढली. हे मला ठाऊक नव्हतं, ही त्याची स्वतःची भर. त्या दिवशी सकाळी सुनंदाने मांडलेली हजेरी तो वाचू लागला. एक नाव वाचायचा आणि थांबायचा. ज्या पोराचं नाव, त्याची आई तोंडात पदर कोंबायची. कोणाची तरी चार वर्षांची मुलगी सवयीने मोठ्याने "हजर" म्हणाली. सगळं पटांगण हललं.

आणि मी खुर्चीत बसून मनातल्या मनात गुण देत होते. वही काढायची वेळ बरोबर. थांबण्याची लांबी बरोबर. नावं वाचताना स्वतः रडला नाही, हे तर फारच बरोबर.

"बाळारामदादांनी गाडी काढली," विलास पुढे म्हणाला. "चांगला माणूस. ते नसते तर आमी कुठं गेलो असतो? दोन वाजता साप चावला. साडेपाचला डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. आता उशीर कुठं झाला ते मी कसं सांगू? वाटेत गाडी तापली. गाडी तापते. दादांनी थांबवली, पाणी घातलं. गाडीला पाणी लागतंच. हॉटेलवाल्यानं चहा दिला, दादांनी घेतला. तहान कुणाला लागत नाय? माझी बहीणपण मागच्या सीटवर होती. तिलापण तहान लागली होती. तिला घोट उतरत नव्हता."

एवढं बोलून तो थांबला. मीच सांगितलं होतं, इथे थांब म्हणून.

पुढे काय करायचं ते मात्र मी सांगितलं नव्हतं. त्याची नजर चिंचेखाली गेली. "दादा, मागं कशाला? पुढं या ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. आजतागायत मला कळलेलं नाही, त्याला त्या क्षणी काय हवं होतं. लोकांनी मागे वळून बघितलं. बाळाराम हात जोडून दोन पावलं पुढे आला. त्याला वाटलं असावं, आपले आभार मानणार आहेत.

पहिला हात कोणाचा पडला ते मी पाहिलं नाही. एक बाई ओरडली, "चा पित होतास रं?" आणि मग माणसांच्या पाठीच तेवढ्या दिसत होत्या. शाळेच्या कुंपणाचे दगड सुटे होते. विलास माइक सोडून मागे सरकला, भिंतीला टेकला आणि तोंडावर हात धरून उभा राहिला. सरपंच "अरे, अरे" करत खाली उतरले. माइक माझ्यापासून दोन हातांवर होता, चालू होता. मी उठून त्यात बोलले असते तर माझा आवाज अख्ख्या गावात गेला असता. त्या पटांगणातली पंधरा-वीस पोरं माझ्या हाताखालून गेलेली, ती माझ्याकडे बघून थांबली असती. मी उठले नाही. पदर घट्ट धरून बसून राहिले. पाच मिनिटं गेली असतील, फार तर सात.

बाळाराम जगला. उजवा डोळा गेला. कमरेचं हाड असं जुळलं की पुढे त्याला ना क्लच दाबता आला, ना दहा मिनिटं सरळ बसता आलं. जीप विकली गेली.

दोन दिवसांनी विलास शहापूरला माझ्या घरी आला. दारातच खाली बसला.

"मॅडम, दोन ते चार ती वाडीवर होती. भगताकडं. काका म्हणाले, मंत्रानं उतरतं, आधी तिकडं न्या. मी सायकलवर बसवून नेली तिला. भगत बिचारा लगेच बोलला, माझ्या हातातलं नाय हे, दवाखान्यात न्या. पण काका उठंनात. अजून एकदा बघा, अजून एकदा बघा. दोन तास. ताई माझ्याकडं बघत होती. मॅडम, मला काकांसमोर एक शब्द बोलता नाय आला. मला."

मग तो खूप रडला. मी त्याला पाणी दिलं. हे कोणाला सांगू नकोस, असं मी म्हटलं नाही. सांग, असंही म्हटलं नाही.

पोलिस माझ्याकडे जबाब घ्यायला आले तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी होती. भाषणात मारा, तोडा असं काही होतं का? मी म्हटलं, नाही. चिथावणीचा एकही शब्द नव्हता. उलट त्याने त्या माणसाला चांगलं म्हटलं. फौजदारांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोन ते चारचं त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. काही वर्षांनी कोर्टातही माझी साक्ष झाली, अशीच. विलास सुटला. बाकीच्यांना कोणी ओळखलं नाही, तेही सुटले. तीनशे माणसांत एकालाही काही दिसलं नव्हतं.

विलासने बीए पुरं केलं आणि वाशिंदला कारखान्यात लागला. पुन्हा तो कुठे चार माणसांत बोलायला उभा राहिला नाही, असं ऐकलं. मी मात्र दर वर्षी तो पाठ शिकवत राहिले. अभ्यासक्रमात होता, परीक्षेत हमखास प्रश्न यायचा. फळ्यावर तीन रकाने आखायचे तेवढं मी बंद केलं.

त्यानंतर आठेक वर्षांनी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हजेरी घेताना एका नावाशी मी अडखळले. कविता, वडिलांचं नाव बाळाराम. गाव तेच. मुरबाडात दुसरं कॉलेज कुठलं, ती इथेच येणार होती. माझ्या लक्षात आधी कसं आलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. ती खिडकीशी बसायची, फारसं बोलायची नाही, उत्तरं नेमकी लिहायची.

तो पाठ आला तेव्हा मी दोन तासांत उरकायचं ठरवलं. दुसरं भाषण संपलं, लोक दगड घेऊन धावले, एका निरपराध माणसाला त्यांनी रस्त्यात गाठून मारलं, एवढं सांगून मी पुस्तक मिटलं. कविताने हात वर केला.

"मॅडम, त्या गर्दीतल्या लोकांना नंतर काय वाटलं? पुढं आहे का पुस्तकात?"

मी इतकी वर्षं ते पुस्तक शिकवत होते, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी आठवून बघितलं. "नाही," मी म्हटलं. "ती माणसं पुन्हा येतच नाहीत. पुढे लढाया आहेत, मोठ्या लोकांच्या."

ती बसली नाही. "मग तुमी सांगा ना. तुमी होता तिथं."

वर्गातल्या बाकीच्यांना काही कळलं नाही. मी खुर्चीत बसले. आणि सांगितलं. लाल पेन, आडवी रेघ, हजेरीची वही, माइक. दोन ते चारचंही सांगितलं. कसं सांगावं याचा विचार केला नाही. काही वाक्यं अर्धी राहिली, काही दोनदा आली. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. कविता बाकाची कड धरून उभी होती, शेवटपर्यंत.

"हे बाबांना येऊन सांगाल?" तिने विचारलं.

मी वाशिंदला जाऊन विलासला गाठलं. कारखान्याच्या गेटबाहेर तो माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. मी म्हटलं, आपण दोघं जाऊ. तो म्हणाला, येतो. रविवारी सकाळी दहाला मुरबाडच्या स्टँडवर भेटायचं ठरलं. मी दोन गाड्या सोडल्या. तो आला नाही. नंतर कधी तो एकटा गेला का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

बाळाराम पडवीत बाजेवर एका कुशीवर पडून होता. चाळीस-पंचेचाळिशीचा माणूस, साठीचा दिसत होता. कविताने मला पाट दिला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. तिची आई चुलीपाशी होती, ती बाहेर आली नाही. मी जमिनीकडे बघून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर माफी मागितली. तो शब्द मला स्वतःलाच हलका वाटला.

 बाळाराम हाताने बाजेची कड धरून, कण्हत उठून बसला.

"दोन तास?" तो म्हणाला. "माझ्याकडं आणायच्या आधी? मला वाटलं, चावल्या चावल्या आणली."

"हो."

"म्हणजे मी उशीर नव्हता केला?"

"नाही. तुम्ही तासाभरात पोचवलं. त्या रस्त्याला तेवढा वेळ लागतोच."

त्याने मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एकच डोळा होता, तो ओला झाला होता.

"मारलं त्याचं मला काय नाय वाटलं कधी, मॅडम," तो म्हणाला. "मला वाटायचं, बरोबरच मारलं. पोरीला मीच मारली, असंच वाटायचं मला. आठ वर्षं."